गोटीची नळी

३ नोव्हेंबर, सोमवार

— आणि पळी हातातून निसटली. आमच्या कुत्रीची, गोटीची, सगळी लघवी फरशीवर, माझ्या चपलेवर. गोटीने मान वळवून पाहिलं. तिचं काम झालं होतं, पुन्हा करायची तिची तयारी नव्हती. पंधरा मिनिटं तिच्यामागे वाकून अंगणभर फिरले. एक थेंब नाही!

नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा. म्हणाला, "चार वर्षं रोज सकाळी हे बघतोय. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय, बायको व्यायाम करते."

रिकामी बाटली घेऊन जनावरांच्या दवाखान्यात कामावर गेले. नेमके आजच तीन नमुने आलेले. तिन्ही माझी आत्या पैदास करते त्या जातीच्या कुत्र्यांचे, वार्षिक तपासणीचे. या जातीत किडनीचा आजार आईबापांकडून पिल्लात उतरतो. कुत्रं वरून धडधाकट, उड्या मारतं, आणि आत गळती सुरू झालेली असते. पहिली खूण लघवीत मिळते. आम्लाचे थेंब टाकले की प्रथिनं असलेली लघवी गढूळ होते. किती गढूळ, ते डोळ्यांनीच ठरवायचं. त्यासाठी शेजारी एक निरोगी नळी लागते. ती रोज गोटीची असते. आज गोटीच नाही.

डॉक्टर म्हणाले, "बाई, कुणाचीही घ्या हो. कान दाखवायला आलंय ते भटकं ठणठणीत आहे." पहारेकऱ्याने पाळलंय त्याला. नाव नाही, भटकंच म्हणतो. गेटच्या खांबाशी नेल्याबरोबर त्याने दिली. भलतंच उदार कुत्रं.

दहा मिनिटांनी पाहिलं. भटक्याची नळी लख्ख. पलीकडच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचता येत होते. तिच्या शेजारी आत्याच्या सरदारची नळी धुरकट. दुसरी धुरकट. तिसरी ठीक.

आम्लाची दुसरी बाटली फोडली. पुन्हा तेच.

डॉक्टरांनी नळ्या खिडकीकडे धरल्या. "भटक्याने सकाळपासून डबक्यातलं पाणी ढोसलं असेल. पातळ लघवी कुणाचीही स्वच्छच दिसते. उद्या गोटीची आणा, मग ठरवू."

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पळी दोन्ही हातांनी धरली.

कालचे नमुने फ्रीजमधून काढले. शेजारी गोटीची नळी. सरदारची गोटीइतकीच. दुसरी गोटीइतकीच. तिसरी गोटीपेक्षाही स्वच्छ. तीन कार्डं लिहिली. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. खाली सही. सरदारची उरलेली लघवी बर्फाच्या कप्प्यात ठेवली. का, माहीत नाही. फेकवेना.

दुपारी आत्या कार्ड न्यायला आली. आल्या आल्या कुत्र्यांच्या वजनकाट्यावर उभी राहिली.

"हा काटा खोटा आहे."

"तू चपला काढल्या नाहीस, आत्या."

"चपला चार किलोच्या असतात होय?"

बाकावरचे सगळे हसले. आत्या आली की दवाखाना तिचा होतो. मांजरीला टोपलीत कसं बसवायचं ते मांजरवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना दाढी वाढल्याचं सांगितलं. मग कार्ड हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. येत्या नाही, पुढच्या रविवारी सरदारकडे मादी येणार आहे. दहा तासांचा प्रवास करून. "कार्ड बघितल्याशिवाय पाठवायला तयार नव्हते ते लोक. तुझ्या सहीला किंमत आहे हो पोरी."

आई गेल्यावर सात वर्षं माझी वेणी आत्यानेच घातली. तिने 'पोरी' म्हटलं की अजूनही डोक्याला ताण बसल्यासारखा वाटतो. घट्ट घालायची.

दारातून मागे वळून म्हणाली, "गोटीचीच नळी लावतेस ना अजून?"

"हो."

"लाव."

६ नोव्हेंबर, गुरुवार

गोटीचं पाण्याचं वाडगं दुपारीच कोरडं. नवऱ्याने पुन्हा भरलं. म्हणाला, उकाडा आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवणवाल्या बाई खडूला चादरीत उचलून घेऊन आल्या. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लोंबत होती. खडू सरदारचा मुलगा. अडीच वर्षांचा, पांढराशुभ्र. बाईंच्या दुकानात कापडाच्या ठाणावर झोपतो आणि गिऱ्हाईक आलं की एक डोळा उघडतो. दुकानाचा मालक तोच, असं बाई म्हणतात.

चार दिवस खाल्लेलं नाही. पाणी पितो आणि ओकतो. तोंडाजवळ वाकले तर मुतारीचा वास.

डॉक्टरांनी रक्त घेतलं. तासाभराने यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. मी आकडे दोनदा वाचले.

"किडन्या गेल्यात," मग बाईंना म्हणाले. "आज नाही. कधीच्याच."

"असं कसं होईल! कार्ड आहे ना माझ्याकडे!" बाईंनी पर्स उघडली. दोन कार्डं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेली. एक तो वर्षाचा असतानाचं, एक दोन वर्षांचा झाल्यावरचं. दोन्हींवर 'स्वच्छ'. दोन्हींवर माझी सही. शेवटचं अक्षर मी जरा वर ओढते, तेही तसंच.

"ताई, मग हे आलं कुठून?"

"बघते," म्हणाले. बघते! काय बघणार होते मी?

८ नोव्हेंबर, शनिवार

खडू गेला. साडेअकराला. डॉक्टरांनी सुई दिली. मी पाय धरले, बाईंनी डोकं. त्याच्या कानाशी म्हणत होत्या, "झालं हं, झालं. माप घेऊन झालं." दुकानात लहान मुलं चुळबुळायला लागली की त्यांना असंच म्हणत असतील.

जाताना डोळे पुसून माझ्याकडे आल्या. "ताई, मला त्याच रक्तातलं पिल्लू हवं. दुसरं नको. तुमच्या आत्यांकडे पुढच्या रविवारी मादी येतेय म्हणे. त्यातलं एक माझं, एवढं सांगाल?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली!

९ नोव्हेंबर, रविवार

पायरीवर बसून राहिले. गोटी येऊन शेजारी बसली, पाठ माझ्या पायाला टेकवून. तिला असंच बसायला आवडतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

चूक माझी आहे. फक्त कुठली, ते सापडत नाही.

आम्लाच्या दोन्ही बाटल्यांची मुदत वर्षभर पुढची. नमुना फिरवायचं यंत्र ठीक, डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. नळ्यांना साबण राहतो का? सगळ्या पुन्हा धुतल्या. साबण नाही. रजिस्टरात खडूच्या दोन्ही नोंदी काढल्या. पहिल्या वर्षी 'गोटीपेक्षा स्वच्छ'. दुसऱ्या वर्षी 'गोटीइतकी'. अक्षर माझंच. घाईचंही नाही.

मग डोळेच उरले. दुपारच्या सुट्टीत चष्मेवाल्याकडे गेले. त्याने खुर्चीत बसवून काचांमागून काचा लावल्या, पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचून घेतली. म्हणाला, "नंबर तीन वर्षांत एवढासुद्धा हललेला नाही. या वयात असे डोळे! नशीब लागतं, बाई."

मला रडू फुटलं. तो घाबरला. "अहो, चांगलं सांगतोय मी!"

११ नोव्हेंबर, मंगळवार

दात घासता घासता भटकं आठवलं.

त्याची लख्ख नळी. तिच्याशेजारी सगळे धुरकट. त्या एका दिवशी गोटी नव्हती. ती परत आली आणि सगळे पुन्हा स्वच्छ झाले.

ब्रश तोंडात तसाच. आरशात स्वतःकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

गोटीची लघवी घेतली. माझी घेतली. मग नवऱ्यापुढे बाटली धरली.

"माझी? माझी कशाला? मी कुठल्या जातीचा?"

"दे रे."

"कार्ड मिळणार असेल तर देतो."

पहारेकऱ्याला काल संध्याकाळीच निरोप देऊन ठेवायला हवा होता, पण नशिबाने भटक्याने अजून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. त्याची सकाळची पहिली, दाट, पिवळीजर्द लघवी मिळाली. म्हणजे पातळ आहे म्हणून स्वच्छ दिसली, हे म्हणायला आता जागा नाही.

पाच नळ्या ओळीने लावल्या. एकीत नुसतं शुद्ध पाणी. आम्ल टाकलं, हलवल्या, पाठ फिरवली. दहा मिनिटं घड्याळाकडे पाहत उभी राहिले. डॉक्टर यायला अजून अवकाश होता. दवाखान्यात मी एकटी.

वळले.

पाणी लख्ख. भटकं पिवळं, पण लख्ख. मी लख्ख. नवरा लख्ख.

गोटीच्या नळीत धूर. दुधाचा थेंब पडून विरघळल्यासारखा. मागचे आकडे दिसत होते, पण कडा पुसलेल्या.

कुणाहीशेजारी ठेवून पाहिली. जागा बदलल्या. नळी बदलली. गोटी गढूळ. गोटी गढूळ!

चार वर्षं रोज सकाळी मी ही नळी उजेडाकडे धरली आहे. सुरुवातीला ती अशी नसणार. मग केसभर धुरकट झाली असेल, मग आणखी केसभर. मी प्रत्येक सकाळी आजची ताडून पाहिली ती कालच्या आठवणीशी. काल आणि आज यांत कधीच फरक नव्हता. त्यामुळे मी हिला स्वच्छ म्हणत राहिले, आणि जी जी हिच्याइतकी होती तीही स्वच्छ ठरली.

स्टुलावर नाही, फरशीवरच बसले. फरशी गार होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्यासमोर पाची नळ्या पुन्हा केल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"सुचवलं मीच होतं," म्हणाले.

खरं आहे. आधी आमच्याकडे काळ्या रेघांचं एक छापील कार्ड होतं. नळीमागे धरायचं, रेघ कितपत स्पष्ट दिसते त्यावरून ठरवायचं. ते भिजून फुगलं. लघवीच्या रंगीत पट्ट्या होत्या, पण कुत्र्यांच्या दाट लघवीत त्या उगाच हिरव्या होतात. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "लघवी लघवीशी ताडून बघा ना. तुमची गोटी आहेच की रोजची." तिला कशाला तपासायचं? ती तर मोजपट्टी! मोजपट्टी कोण मोजून बघतं?

संशय आला तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा, असा नियम होता. संशय म्हणजे गोटीपेक्षा गढूळ. चार वर्षांत असा एकही आला नाही. आमच्याकडची कुत्री निरोगी, असं आम्ही बोलायचो. एकदा डॉक्टरांनी त्याबद्दल कुत्री पाळणाऱ्यांच्या सभेत भाषणसुद्धा केलं होतं.

रजिस्टर मोजलं. एकेचाळीस कुत्री. एकेचाळीस स्वच्छ.

गोटीची आजची आणि सरदारची बर्फातली लघवी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. डॉक्टर म्हणाले, "आकडा येईपर्यंत कुणाजवळ बोलू नका, बाई." विनंती करत होते. मला 'बाई' म्हणताना आवाज खाली आला होता.

घरी आले तर गोटी वाडग्यात तोंड घालून पाणी पीत होती. लपक लपक लपक. थांबेचना. स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत राहिले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लघवीत प्रथिनं किती, त्याचे आकडे आले. पावाच्या आत असेल तर ठीक. अर्ध्याच्या वर काळजी.

सरदार सव्वा.

गोटी दीड.

डॉक्टरांनी गोटीसाठी गोळ्या लिहून दिल्या, खाणं बदलायला सांगितलं. "वर्षं मिळतील," म्हणाले. मग म्हणाले, "मिळायला हवीत." सरळ माझ्याकडे बघत नव्हते.

बाकीच्या चाळीसांचं काय? "आधी रविवार थांबवा. सरदार सव्वा म्हणजे त्याच्या निम्म्या पिल्लांत हे उतरणार. ते थांबवा. उरलेलं मग बघू. एकदम एवढ्या घरांत फोन गेले तर दवाखान्याला कुलूप लागेल."

आत्याला सहा फोन केले. उचलला नाही. दुपारी ती फोन पिठाच्या डब्यावर ठेवते आणि मागे कुत्र्यांत असते. उद्या जाते.

नवऱ्याला सांगितलं. तो जाऊन गोटीशेजारी जमिनीवर आडवा झाला. ऑफिसच्या कपड्यांत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहायला हवं. आत्ताच, विसरायच्या आत. विसरणार कशी?

आत्या मागच्या ओट्यावर वाडगी घासत होती. अकरा कुत्र्यांची अकरा वाडगी, भिंतीला उलटी टेकवलेली. मी उभ्यानेच सांगितलं.

"सव्वा? कशाचं सव्वा?"

"पावाच्या आत हवं असतं, आत्या."

"मग यंत्र बिघडलंय. तुमच्या दवाखान्यात वजनकाटा धड नाही, तिथे हे काय धड असणार!"

"मोठ्या प्रयोगशाळेतलं आहे. गोटीचं दीड आलंय."

ब्रश थांबला.

मी वाट बघत होते की ती विचारेल, गोटीला काय झालं? कुणीही विचारलं असतं. तिने विचारलं नाही.

"किती वर्षांची झाली आता?" म्हणाली. तिला माहीत आहे. तिच्याच हातात जन्मली.

"सहा."

"सहा." वाडगं उलटं करून भिंतीला लावलं. "मोठी पाचात गेली."

मोठी म्हणजे गोटीची आणि सरदारची आई. आत्याची सगळ्यात लाडकी. सरदार तिच्या पहिल्या वेतातला, गोटी शेवटच्या. गोटी दोन महिन्यांची होती तेव्हा मोठी गेली. उंदराचं औषध खाल्लं म्हणून.

मी तसं म्हणाले.

"या घरात उंदराचं औषध कुणी ठेवलंय? तू लहानपणापासून इथे आहेस. कधी उंदीर बघितलास?"

"कधीच नाही."

"बादल्याच्या बादल्या पाणी प्यायची. मी बादल्या उचलून ठेवायचे, तर नळाला तोंड लावून बसायची. शेवटी पाणीही पोटात ठरेना. पिल्लं अंगावर, आणि दूध नाही." आत्या हे सगळं वाडग्याला सांगत होती.

"मग त्याच आठवड्यात गोटी मला का दिलीस?"

"तू तिची पिल्लं काढणार नव्हतीस म्हणून. तुझ्याकडे लाडात राहील, लाडात मरेल. बाहेर कुणाला दिली असती तर बोभाटा झाला असता."

मी विचारलं. "आणि मी तुला सांगितलं तेव्हा? की आता सगळ्यांच्या नळ्या गोटीच्या नळीशी ताडून बघते म्हणून? इथेच बसून सांगितलं होतं. तू हसली होतीस."

ब्रश पुन्हा चालू झाला.

"त्या दिवशी मी जेवले नाही," म्हणाली.

आणखी एक वाडगं घासून झालं.

"दुसऱ्या दिवशी जेवले."

मी ओट्याची कड धरली. ही माझी आत्या. माझा ताप हाताने ओळखणारी. कुत्रीला काटा लागला तर स्वतः लंगडणारी!

"रविवारी मादी येऊ देऊ नकोस."

"येणार. बोलून झालंय."

"खडू गेला, आत्या."

"कुठला खडू?" मग हात थांबले. "शिवणवालीचा? तो पांढरा?" तिने ओल्या हाताच्या मनगटाने कपाळ पुसलं. "एक कान दुमडायचा त्याचा."

"त्यांना पुन्हा सरदारचंच पिल्लू हवंय."

वाटलं, आता काहीतरी होईल. ती उठली. कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"लोक मला माझ्या नावाने ओळखत नाहीत. कुत्रीवाली म्हणतात. या रक्तावरून ओळखतात मला. ते रक्तच नासकं म्हणून मी दारोदार सांगू? निघ तू. ज्या हातांनी तुझी वेणी घातली, त्या हातांनी तुला बाहेर काढायला लावू नकोस."

सरदार फाटकापर्यंत पोचवायला आला. शेपटी हलवत. माझा हात चाटला. जीभ कोरडी होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी डॉक्टरांना म्हणाले, मी सगळ्यांना फोन करणार. आजच.

"दवाखाना माझा आहे, बाई."

"सही माझी आहे."

ते उठले. मला वाटलं, आता मलाच घरी पाठवतील. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, माझ्यापुढे ठेवलं, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

एकेचाळीसांपैकी तेहतीस जणांशी बोलले. एकाने शिव्या दिल्या, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. मी ऐकून घेतल्या. एकजण हसला, म्हणाला, थट्टा करताय. दोघांची कुत्री आधीच गेली होती. एक म्हातारे गृहस्थ सगळं शांतपणे ऐकून एवढंच म्हणाले, "मग आता पाणी किती देऊ त्याला?" त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही.

मादीवाल्यांना सगळ्यात आधी फोन केला होता. तिकडून म्हणाले, "तुमच्या आत्यांनी कालच सांगितलं, तुमचं त्यांच्याशी बिनसलंय, तुम्ही असं काहीतरी बोलाल. कार्ड आहे आमच्याकडे. तुमच्याच सहीचं आहे ना?"

"हो, पण —"

"मग? गाडी पहाटे निघते. दुपारी पोचेल."

माझ्या सहीला किंमत आहे. माझ्या फोनला नाही.

संध्याकाळी शिवणवाल्या बाईंच्या दुकानात गेले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. ठाणावर खडूची जागा अजून खोल बसलेली, गोल. सगळं सांगितलं. गोटीचं, नळीचं, चार वर्षांचं. मोठीचंही सांगितलं. त्यांनी शिलाईचं यंत्र थांबवलं नाही. एक बाही पुरी केली, दोरा दाताने तोडला.

"ताई, माप चुकलं तर मी कपडा उसवते. पुन्हा शिवते." प्लास्टिकच्या पाकिटातली दोन कार्डं काढून माझ्या हातात दिली. "हे कसं उसवायचं?"

कार्डं इथे वहीत ठेवली आहेत.

उद्या दुपारी मादी येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी साडेसातला डॉक्टरांचा फोन. सुट्टी असताना. "या," एवढंच म्हणाले.

दवाखान्याच्या पायरीवर आत्या बसली होती. पायाशी सरदार. मादीवाल्यांची गाडी वाटेतूनच परत पाठवली म्हणाली. डॉक्टरांना म्हणाली, "रात्रीपासून उपाशी ठेवलाय. वेळ लावू नका."

भुलीची सुई देताना मी पाय धरले, आत्याने डोकं. नऊच्या आत सरदारची नसबंदी झाली. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. जाताना वजनकाट्यावर एक जुनी वही ठेवून गेली.

आजवर कुणाला कुठलं पिल्लू दिलं, ते सगळं त्यात आहे. एकशे बारा पत्ते. आमच्या रजिस्टरात एकेचाळीस.

मोठीच्या शेवटच्या वेताचं पान वेगळं आहे. आठ पिल्लं. पाच नावांपुढे फुली, प्रत्येक फुलीखाली तारीख. पहिली तारीख मी गोटीची नळी लावायला लागले त्याच्या आधीची. गोटीच्या नावापुढे फुली नाही. पेन्सिलच्या उभ्या रेघा आहेत, जगलेल्या वर्षाला एक, खाली तारीख. सहा आहेत. सहावी गेल्या महिन्यातली.